वैरी न चिंती

बहिणीची मुलगी चार महिन्यांची असताना एका दुपारी मी तिला खांद्यावर घेऊन जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभी होते. खाली दाराची घंटा वाजली होती, ताई दार उघडायला गेली होती आणि मी तिच्यामागून उतरायला निघाले होते. तेवढ्यात, कोणी कानाशी बोलावे इतक्या स्पष्टपणे, एक विचार आला: हिला आत्ता इथून खाली टाकली तर? माझे हात सैल झाले नाहीत. उलट मी तिला इतके घट्ट धरले की ती रडू लागली. भिंतीला पाठ टेकवून, बसत बसत एकेक पायरी मी खाली आले, बाळाला ताईच्या हातात दिले, डोके दुखत असल्याचे सांगितले आणि घरी निघून गेले. त्यानंतर अडीच वर्षे मी त्या मुलीला उचलून घेतले नाही.

'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. कोणाला घरी परतायला उशीर झाला की आई ती म्हणायची, एक सुस्कारा टाकायची आणि हातातल्या कामाकडे वळायची. आता वाटते, त्या म्हणीत मोठा समजूतदारपणा आहे. ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्याविषयीच मन अभद्र कल्पना करते आणि त्या इतक्या भयंकर असतात की शत्रूलाही सुचू नयेत, एवढेच ती सांगते. असे मन बाळगणाऱ्या माणसाला ती गुन्हेगार ठरवत नाही. आई सुस्कारा टाकून थांबत असे. मला थांबता आले नाही. त्या रात्री मी म्हणीतल्या वैऱ्याचा शोध घेत बसले आणि तो मीच आहे अशा निष्कर्षाला पहाटेच्या सुमारास येऊन पोहोचले.

त्या रात्री मी जे केले, त्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आजार नेमका तिथे होता. जिन्यावरचा तो क्षण मी पुन्हा पुन्हा मनासमोर आणला. विचार येताना मला भीती वाटली होती की ओढ वाटली होती? बोटे किंचित तरी ढिली झाली होती का? तिला घट्ट धरले ते वाचवण्यासाठी, की रागाने? ताईला मूल झाले याचा मला कुठे तरी खोलवर मत्सर तर नाही? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळाले की दोनेक मिनिटे हायसे वाटे आणि मग त्या उत्तरालाच पाय फुटत. 'मला भीती वाटली' हे खरे असेल, पण आत्ता तो प्रसंग आठवताना तितकी भीती का वाटत नाही? म्हणजे सवय झाली की काय? सवय झाली तर उद्या हातून ते घडणार नाही कशावरून? अशा रीतीने विचार आला होता दोन सेकंदांचा आणि त्याची चौकशी चालली सहा तास. पुढे ती अडीच वर्षे चालली. दिवसाचे चार-पाच तास त्यात जात आणि कोणाला काही दिसत नसे, कारण या चौकशीला ना पाणी लागते, ना साबण.

साबणाचा उल्लेख मुद्दाम केला. ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) हे माझ्या आजाराचे नाव. ते ऐकले की लोकांच्या डोळ्यांसमोर सतत हात धुणारा, टेबलावरची पेन्सिल सरळ करणारा माणूस उभा राहतो, आणि 'मला ना, थोडी ओसीडीच आहे' असे कपाट नीटनेटके ठेवणारी माणसे कौतुकाने सांगतात. मला त्यांचा राग येत नाही, पण हेवा मात्र वाटतो. नीटनेटकेपणाने त्यांना समाधान मिळते. या आजारात समाधान कधी मिळतच नाही. मराठीत यासाठी मंत्रचळ हा जुना शब्द आहे आणि तो मला इंग्रजी आद्याक्षरांपेक्षा अधिक जवळचा वाटतो, कारण 'चळ' म्हटले की आपले आपल्याला आवरत नाही हे लगेच कळते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्यांनी याला 'संशयाचे वेड' म्हटले होते, तेही तितकेच नेमके. आजच्या निदानपद्धतीत दोन गोष्टी पाहिल्या जातात. एक, नको असताना वारंवार घुसणारे विचार, चित्रे किंवा ऊर्मी. आणि दुसरी, त्यांनी निर्माण केलेली अस्वस्थता शमवण्यासाठी नाइलाजाने केलेल्या कृती, मग त्या हातांनी केलेल्या असोत वा मनातल्या मनात. या सगळ्यात दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल किंवा त्यामुळे जगणे अडत असेल, तर त्याला आजार म्हणतात. साधारणपणे शंभरातल्या दोनेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी तो गाठतो. मनातल्या मनात केलेल्या कृती ही माझी गोष्ट. केवळ विचार आहेत, कृती काहीच नाही, असे मीही कितीतरी दिवस समजत होते. उजळणी, पडताळणी, मनातल्या मनात मागितलेली क्षमा, वाईट चित्रावर चांगले चित्र ठेवून ते पुसणे, या सगळ्या कृतीच आहेत हे मला पुढे कोणी तरी दाखवून द्यावे लागले.

आता त्या विचाराविषयी. असा विचार फक्त माझ्याच डोक्यात येऊ शकतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. एरवी प्रत्येक गोष्टीची शंका घेणारी मी, एवढ्या एका बाबतीत मात्र ठाम होते. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये ज्यांना कोणताही मानसिक आजार नाही अशा लोकांना विचारले, की तुमच्या मनात नकोसे, घृणास्पद, हिंसक विचार आगंतुकपणे येतात का. सुमारे 80 टक्के लोकांनी होय म्हटले. कोणाला चालत्या गाडीपुढे एखाद्याला ढकलावे असे वाटून गेले होते, कोणाला जवळच्या माणसाला इजा करावी असे. त्याहून मला नवल वाटले ते पुढचे वाचून: रुग्णांचे विचार आणि निरोगी माणसांचे विचार एकत्र मिसळून अनुभवी तज्ज्ञांपुढे ठेवले, तेव्हा रुग्णांचे विचार वेगळे काढणे त्यांनाही फारसे जमले नाही. 2014 मध्ये 13 देशांतील 777 विद्यार्थ्यांची अशीच पाहणी प्रसिद्ध झाली; त्यांपैकी 93.6 टक्के जणांना मागच्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार आलेला होता. विचारांचा मजकूर तोच, तर मग फरक कुठे पडतो?

फरक पडतो तो विचार आल्यानंतरच्या पुढच्या क्षणी. मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी 1985 मध्ये जी मांडणी केली तिचा गाभा असा, की अशा विचाराला काही माणसे जबाबदारीची नोटीस समजतात: हे माझ्या मनात आले, म्हणजे ते टाळणे माझ्यावर आले, आणि मी ते टाळले नाही तर ते मीच केल्यासारखे होईल. रॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे विचार आणि कृती यांच्या एकरूप होण्याविषयी लिहिले. मनात आणणे आणि करणे यांत नैतिकदृष्ट्या अंतरच न उरणे, असा त्याचा एक प्रकार आहे. मला तो ताबडतोब ओळखू आला, कारण माझ्या भाषेनेच तो मला शिकवला होता. 'तुझ्या मनात पाप नाही ना, मग घाबरतेस कशाला?' हे वाक्य आपण किती सहज बोलतो! ज्याच्या मनात काही नाही त्याला त्यातून धीर येतो. माझ्या मनात तर सकाळपासून रात्रीपर्यंत तेच होते, मग मी घाबरू नये तर काय करावे? वास्तविक असे विचार त्या माणसाच्या मूल्यांच्या अगदी विरुद्ध दिशेचे असतात, म्हणून तर ते त्याला इतके बोचतात. देवभक्ताला ईश्वरनिंदेचे विचार छळतात, मवाळ माणसाला हिंसेचे, आणि निष्ठावंताला आपण फसवणूक करतो आहोत की काय याचे. पण हे आज लिहिता येते. तेव्हा हे वाचले असते, तरी मी म्हटले असते, की हे इतरांना लागू आहे, माझे प्रकरण वेगळे आहे.

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा, म्हणजे तपासून पाहणे हाच. जिन्यावरच्या प्रसंगानंतर काही महिन्यांत हा चळ तिथेही शिरला. एखाद्या चुकीच्या मुद्रणामुळे कोणी चुकीचे औषध घेईल, कोणाची बदनामी होईल, या भीतीने मी एकेक पान आठ-दहा वेळा वाचू लागले. या कामातल्या कोणालाही ठाऊक असते, की तिसऱ्या वाचनानंतर डोळा अक्षरे पाहायचे सोडून देतो. ओळ इतकी पाठ झालेली असते की कागदावर नसलेला काना तो स्वतःच देऊन टाकतो. सहाव्या वाचनाला मला साधे शब्दही परके दिसू लागत. 'पाणी' हा शब्द असाच लिहितात ना, असा प्रश्न पडे. घरी गॅसच्या बटणाचे तेच. बंद आहे हे पाहायचे, हात लावून पाहायचे, मग हात लावताना ते चुकून फिरले नसेल ना म्हणून पुन्हा पाहायचे, आणि दारापर्यंत जाऊन परत यायचे.

2003 मध्ये मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या नेदरलँड्समधील संशोधकांनी नेमका हाच प्रकार निरोगी विद्यार्थ्यांकडून संगणकावर करवून घेतला. पडद्यावरच्या शेगडीचे गॅस सुरू करायचे, बंद करायचे आणि तपासायचे, असे एका गटाने कितीतरी वेळा केले. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ दिवे तपासले. शेवटी दोघांनाही गॅस तपासायला सांगून विचारले, की तुम्ही नक्की काय पाहिलेत. वारंवार गॅस तपासणाऱ्यांची स्मृती अचूक होती, दुसऱ्या गटाइतकीच. मात्र ती फिकट झाली होती, तिच्यातले बारकावे गेले होते आणि स्वतःच्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. निरोगी माणसांची ही गत एका बैठकीत झाली! मी हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आले आणि मग बराच वेळ रडू. मला वाटायचे, माझी स्मृती अधू आहे म्हणून मला तपासावे लागते. प्रत्यक्षात तपासून तपासून मी ती झिजवत होते, जसे नाण्यावरचे चित्र हाताळून झिजते. जिन्यावरच्या त्या क्षणाचेही मी तेच केले होते. हजारदा उजळणी केल्यावर त्या दुपारचे मला खरे काही आठवेनासे झाले, आणि आठवत नाही हाच मग सर्वांत मोठा पुरावा ठरला.

खात्री करून घेण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे दुसऱ्याला विचारणे. आईला मी खरे कारण सांगितले नव्हते, पण प्रश्न विचारायचे. 'आई, मी कधी कोणाला मारलं होतं का गं लहानपणी?' 'नाही गं बाई, मुंगीसुद्धा मारली नाहीस तू.' संध्याकाळी पुन्हा: 'खरंच नाही ना?' आई प्रेमाने उत्तर द्यायची, मग कंटाळून द्यायची, मग चिडून द्यायची, आणि तिचा आवाज जरा चढला की मला वाटे, ती काही तरी लपवते आहे. घरातल्या माणसांचे यात फार हाल होतात. उत्तर द्यावे तर आजाराला खतपाणी, न द्यावे तर समोर आपले माणूस तळमळते आहे. कुटुंबीयांची ही ओढाताण उपचारांच्या पुस्तकांत दोन परिच्छेदांत आटोपलेली असते; माझ्या मते तिला स्वतंत्र प्रकरण द्यायला हवे.

ताईला मी काहीच विचारले नाही. तिच्या घरी गेले की मी सर्दी झाल्याचे सांगून लांब बसत असे. मुलगी रांगायला लागली, उभी राहू लागली, माझ्याकडे हात पसरून येऊ लागली, की मी उठून आतल्या खोलीत जाई. ताईने एकदा विचारले, 'तुला ती आवडत नाही का गं?' मी म्हटले, 'तसं नाही.' दुसरे काय म्हणणार होते? माझ्या दृष्टीने मी त्या मुलीचे रक्षण करत होते. आजाराने मला दिलेला हा खुलासा इतका उदात्त होता की त्यावर संशय घ्यायचे माझ्या मनात आले नाही.

उपचारांची सुरुवात चुकीच्या वाटेने झाली. पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले त्यांनी मनगटाला रबर बांधायला दिले: विचार आला की रबर ताणून सोडायचे आणि मनात 'थांब' म्हणायचे. आठवड्याभरात मनगट लाल झाले आणि विचार दुप्पट. एखादी गोष्ट मनात आणायची नाही असे ठरवले, की ती आलेली नाही ना हे पाहण्यासाठी मनाला तीच सारखी शोधावी लागते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगून हे दाखवले होते. ते इतके प्रसिद्ध आहे की अधिक लिहीत नाही. पहारेकऱ्यानेच दर मिनिटाला हाक मारून झोपलेल्याला उठवावे, तसा तो प्रकार होता.

दुसऱ्या ठिकाणी भेटलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंनी माझे सगळे ऐकून घेतले. मला वाटले होते, त्या पोलिसांना फोन करतील. त्यांनी दहा प्रश्नांची एक मोजपट्टी काढली, जिच्यात 0 ते 40 गुण असतात; गुण जितके जास्त, तितका आजार तीव्र. माझे 27 आले. मग मी जो प्रश्न इतके दिवस जपून आणला होता तो विचारला: 'मी खरंच असं काही करणार नाही, हे तुम्ही मला सांगू शकता का?' त्या म्हणाल्या, 'नाही. मी स्वतःबद्दलही तशी हमी देऊ शकत नाही. आणि तुम्ही पुढच्या वेळी हाच प्रश्न विचारलात, तर मी उत्तर देणार नाही.' त्या क्षणी मला त्या अतिशय निष्ठुर वाटल्या. घरी येताना मात्र लक्षात आले, की अडीच वर्षांत पहिल्यांदाच कोणी तरी मला त्या प्रश्नाचे खोटे उत्तर दिले नव्हते.

त्यांच्या उपचाराचा गाभा म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरे जाणे, आणि त्यानंतर जी कृती करावीशी वाटते ती न करणे. व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञांनी लंडनमध्ये 1966 साली दोन रुग्णांवर केलेल्या अशा उपचारांचा वृत्तांत लिहिला. तोवर या आजारावर बोलण्याचे उपचार फारसे लागू पडत नसत. मायर यांनी रुग्णांना भीतीच्या गोष्टींजवळ नेले आणि परिचारिकांच्या देखरेखीखाली त्यांना त्यांचे विधी करू दिले नाहीत. कल्पना एवढी साधी आहे की ऐकताना ती मूर्खपणाची वाटते. करताना साधी वाटत नाही. आम्ही भीतीची उतरंड लिहिली, 0 ते 100 असे आकडे देऊन. गॅस एकदाच पाहून बाहेर पडणे, 35. पान दोनदाच वाचून परत पाठवणे, 50. 'मी कदाचित तिला इजा करीन, आणि मला ते आधी कधीच नक्की कळणार नाही' हे वाक्य स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून रोज ऐकणे, 80. मुलीला कडेवर घेऊन जिन्यावर उभे राहणे, 100.

ते वाक्य पहिल्या दिवशी ऐकताना माझे हातपाय कापत होते. नवव्या दिवशी ऐकता ऐकता मी फडताळातले कपडे लावत होते, आणि दोन आठवड्यांनी मला माझ्या आवाजातला एक चुकीचा उच्चार खटकू लागला, त्या वाक्याच्या अर्थापेक्षा जास्त. भीती दर वेळी अशी खाली येत नाही, हेही सांगायला हवे. काही दिवस ती 80 ची 80 राहते आणि तरीही आपण उठून पुढच्या कामाला लागायचे असते. माझ्या अनुभवात ते दिवस अधिक मोलाचे ठरले.

सोबत औषधही होते. मला त्याची लाज वाटत असे, आता वाटत नाही. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी नैराश्यावरची औषधे या आजारात सहसा अधिक मात्रेत आणि अधिक काळ घ्यावी लागतात. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि तेवढ्यात कित्येक जण 'काही उपयोग नाही' म्हणून ती बंद करतात. 1992 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ लुइस बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले, की औषधाने बरे वाटलेले रुग्ण आणि केवळ वर्तनोपचाराने बरे वाटलेले रुग्ण, दोघांच्याही मेंदूतील कॉडेट नावाच्या भागाची वाढलेली धडपड कमी झाली होती. औषध घेणारा कमकुवत आणि थेरपी करणारा जिद्दी, असली प्रतवारी करणाऱ्यांसाठी मी ही माहिती जवळ बाळगून असते.

100 च्या पायरीवर आले तेव्हा भाची तीन वर्षांची होत आली होती आणि कडेवर घेण्याइतकी लहान राहिलेली नव्हती. तरी घेतले. ती अंग चोरून बसली, कारण तिच्या लेखी मी परकीच होते. विचार आला, अगदी तेच शब्द घेऊन. मी भिंतीला टेकले नाही. ती म्हणाली, 'खाली सोड.' मी खाली सोडले आणि ती पळून गेली. मधली अडीच वर्षे परत मिळाली नाहीत, आणि मोजपट्टीवरचे माझे गुण 27 वरून 11 वर आले या आकड्यात त्यांचा हिशेब कुठे धरलेला नाही.

आता ती अकरा वर्षांची आहे. विचार अजून येतात. थकवा, जागरण, एखादी वाईट बातमी असली की जास्त. गॅस मी एकदा पाहते. पाने दोनदा वाचते आणि क्वचित माझ्या हातून चुका राहतात.

गेल्या महिन्यात ताईला मी सगळे सांगितले. इतकी वर्षे 'तेव्हा माझी तब्येत बरी नव्हती' यावरच भागवले होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'ती पंधरा दिवसांची असताना तिला अंघोळ घालत होते, तेव्हा मला वाटलं होतं, हिला पाण्यात तशीच धरून ठेवली तर? अंगावर काटा आला होता. नंतर विसरूनही गेले बघ, आत्ता तू बोललीस म्हणून आठवलं.' मी तिच्याकडे पाहत राहिले. 'खरंच?' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. खरंच तुलाही आला होता, अगदी तसाच, की मला बरे वाटावे म्हणून सांगते आहेस? तिने एकदा होय म्हटले असते तर मी संध्याकाळी पुन्हा विचारले असते. आतल्या खोलीतला दिवा मालवला होता. मी विचारले, 'झोपली का गं ती?'